पंगतीचा कारभार

महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांचे पाळक व पंच यांस,



वार्षिक सभेचे दिवस जवळ येऊ लागले, की आपल्या मंडळ्यांत जी एक प्रकारची चलबिचल सुरू होते तिचा अनुभव आपणांस माझ्याहून अधिक आहे. चिटणीस कोण व्हावा, खजिनदाराच्या जागेसाठी कोणाचे नाव सुचवावे, विश्वस्तांच्या यादीत कोणाची भर पडावी, मिशनच्या जुन्या बंगल्याच्या खटल्यात वकील कोणता द्यावा, या प्रश्नांवर उपासना संपल्यानंतर मंदिराच्या आवारात, आणि पुष्कळदा उपासना चालू असतानाही मागच्या बाकांवर, पुरेशी खलबते होतात. या सर्व गडबडीत एका जागेविषयी मात्र कोणी मतांची जुळवाजुळव करीत नाही, कोणी रुसत नाही आणि कोणी कोणाकडे रदबदलीही करीत नाही. ती जागा डीकनाची. जिथे ती अद्याप शिल्लक आहे तिथे दानार्पणाची पिशवी फिरविणे, प्रभुभोजनाचे प्याले धुऊन पुसून ठेवणे आणि नाताळात मांडववाल्याशी घासाघीस करणे एवढ्यावर तिचा व्याप येऊन ठेपला आहे. आणि जिथे ती शिल्लक नाही तिथे ती गेल्याची हळहळ कोणास वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्या पदासाठी कोणी भांडत नाही ते एक तर अत्यंत पवित्र असले पाहिजे किंवा अगदी निरुपयोगी झाले असले पाहिजे, आणि आपल्याकडे यांतले काय झाले आहे हे ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हे पद पुन्हा कामाचे व्हावे, त्याच्या हाती स्वतंत्र पैसा, स्वतंत्र वही आणि स्वतंत्र जबाबदारी यावी, आणि त्यावर माणसे निवडताना आजवर ज्यांच्या ताटात कमी पडले त्यांच्यातूनच ती निवडली जावीत. यातला शेवटचा भाग आपणांपैकी कित्येकांना धाडसाचा वाटेल. पण तो मी पदरचा घातलेला नाही, तो प्रेषितांचा आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. डीकनाच्या दीक्षेच्या वेळी तर तो हटकून वाचला जातो, आणि हटकून वाचल्या जाणाऱ्या भागांची जी गत होते ती त्याचीही झाली आहे. त्या अध्यायाचा आरंभ एका तक्रारीने होतो. यरुशलेमेतील पहिली मंडळी वाढत होती; जमीनजुमला विकून आलेला पैसा लोक प्रेषितांच्या चरणी आणून ठेवीत होते आणि त्यातून रोजचे अन्न वाटले जात होते; आणि या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर इब्री मंडळींविरुद्ध सुरू झाली. ज्या मंडळीने पेंटेकॉस्टच्या दिवशी अग्नीच्या जिभा पाहिल्या होत्या आणि परक्या भाषांतून देवाची स्तुती ऐकली होती, त्याच मंडळीत पुढे भाषेवरून दुजाभाव झाला, आणि तो प्रार्थनेत किंवा उपदेशात न होता भाकरीच्या टोपलीपाशी झाला, ही गोष्ट लूकने झाकून ठेवली नाही याबद्दल आपण त्याचे ऋणी असले पाहिजे. आपल्या एखाद्या मंडळीचा शताब्दी-ग्रंथ लिहिणाऱ्याने हा प्रसंग खचित गाळला असता.

आता ही कुरकुर प्रेषितांनी कशी मिटविली ते पाहा. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी सहनशीलतेवर उपदेश केला नाही, ऐक्याला बाधा आणता म्हणून दटावले नाही, किंवा चौकशी-समिती नेमून तिचा अहवाल पुढील सभेपर्यंत लांबणीवरही टाकला नाही, की जो आपला शिरस्ता आहे. त्यांनी सर्व मंडळीला एकत्र बोलाविले, वचनाची सेवा आणि पंगतीची सेवा ही दोन कामे एकाच हातून नीट होत नाहीत असे सरळ कबूल केले, आणि चांगल्या लौकिकाची, आत्म्याने व शहाणपणाने पूर्ण अशी सात माणसे लोकांनीच निवडावीत असे सांगितले. लोकांनी निवडलेल्या त्या सातांची नावे लूक देतो: स्तेफन आणि फिलिप्प यांच्यापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातांची सातही नावे ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्माने यहूदीदेखील नव्हता, तो मत स्वीकारून आलेला परका होता. नावावरून माणसाचे मूळ ताडण्यात आपण मराठी माणसे पटाईत असल्यामुळे या यादीचा अर्थ आपणांस कोणी उलगडून सांगावा लागू नये. त्या काळच्या यहूदी लोकांतही ग्रीक नावे आढळत, बारा प्रेषितांतच अंद्रिया व फिलिप्प आहेत, हे मी जाणतो. पण सातांपैकी एकाचेही नाव इब्री नसावे हा निव्वळ योगायोग मानणे मला कठीण वाटते. ज्या पक्षाच्या विधवा उपाशी राहिल्या त्याच पक्षाच्या हाती कोठीच्या किल्ल्या गेल्या, आणि इब्री विधवांनाही यापुढे त्यांच्याच हातून भाकरी घ्यावयाची होती. बहुमतवाल्यांनी आपला कारभार अल्पमतवाल्यांच्या स्वाधीन करावा आणि तो आनंदाने करावा, असा प्रसंग सरकारदरबारी तर सोडाच, पण देवाच्या घरीही त्यानंतर फारसा आढळत नाही.

लूक त्या सातांना डीकन म्हणत नाही. ते नाव त्यांना परंपरेने मागाहून दिले, आणि दिले ते उचितच केले. त्यातले दोघे तर वाढप्याच्या कामावरच थांबले नाहीत. स्तेफन न्यायसभेपुढे उभा राहून बोलला आणि धोंडमार सोसून मंडळीचा पहिला हुतात्मा झाला. फिलिप्प शोमरोनात गेला आणि गज्जाच्या वाटेवर एका कूशी अधिकाऱ्याच्या रथात बसून त्याला त्याने शास्त्र समजावले. पंगतीत वाढणारा म्हणजे मंचावर बोलता न येणारा, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे तिला या दोघांच्या चरित्रात तरी काही आधार सापडत नाही. पुढे पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात डीकनांची लक्षणे सांगितली आहेत, ती वक्तृत्वाची किंवा विद्येची नाहीत: तो दुतोंड्या नसावा, मद्यपी नसावा, अनुचित लाभाचा लोभी नसावा, आणि आधी पारखून घेतलेला असावा. घराघरांत ज्याचे जाणेयेणे आहे आणि लोकांचा पैसा ज्याच्या हातून जावयाचा आहे अशा मनुष्याचीच ही लक्षणे आहेत. एका घरचे दुसऱ्या घरी सांगणारा मनुष्य या कामास किती घातक आहे हे त्या पत्राच्या लेखकाला पुरते ठाऊक होते. करिंथच्या बंदरातील किंख्रियेच्या मंडळीची फिबी हिची शिफारस पौल रोमकरांस करतो तेव्हा तिलाही याच पदाने ओळखतो, आणि इसवी सन ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने ख्रिस्ती लोकांचे रहस्य काढण्यासाठी ज्या दोन दासींचा छळ केला त्याही मंडळीच्या सेविकाच होत्या, असे त्याने बादशहा त्राजनास लिहिले आहे. तेव्हा स्त्रियांना हे पद द्यावे की न द्यावे, या विषयावर आपल्या सभांतून जो वाद चालतो तो सुमारे एकोणीसशे वर्षे उशिरा सुरू झालेला आहे.

पहिल्या तीन शतकांत या कामाचा विस्तार किती होता याची कल्पना देणारे दोन-तीन पुरावे मला नेहमी विचारात पाडतात. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिनने रोमच्या बादशहास उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. उपस्थितांनी प्रभुभोजन घेतल्यावर जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी डीकन ती भाकर व तो प्याला पोहोचवीत, आणि गोळा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परदेशी यांची तरतूद होत असे. म्हणजे मेजावरची भाकर आणि दारावरची भाकर यांत त्या लोकांना अंतर दिसत नव्हते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे, ती युसेबियसने जपून ठेवली: वडील ४६, डीकन ७, आणि मंडळीच्या अन्नावर असलेल्या विधवा व गरजवंत १५०० हून अधिक. सातच डीकन, कारण यरुशलेमेत सातच होते. आणि त्या सातांच्या वह्यांत दीड हजार नावे! आपल्या एखाद्या मोठ्या शहरी मंडळीच्या दप्तरात अशी नावे किती निघतील याचा अंदाज आपणच करावा. रोमच्याच डीकनांपैकी लॉरेन्स हा पुढे २५८ साली, व्हॅलेरियन बादशहाच्या छळात, मारला गेला. मंडळीचा खजिना हजर कर असा हुकूम झाल्यावर त्याने तो गोरगरिबांत वाटून टाकला आणि लंगड्या-पांगळ्यांना पुढे उभे करून हाच खजिना म्हणून सांगितले, ही कथा परंपरेतली असली तरी खजिना त्याच्या ताब्यात होता हे गृहीत धरल्याखेरीज ती रचताही आली नसती. ख्रिस्ती मताचा कट्टर द्वेष्टा बादशहा जूलियन यानेही चौथ्या शतकात आपल्या पुरोहितांना खरमरीत पत्र लिहून, हे गालीली लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच पण आमच्याही गरिबांना पोसतात, ही मोठी नामुष्की आहे, अशा अर्थाची तक्रार केली. शत्रूने दिलेले असे प्रशस्तिपत्र अलीकडे आपणांस मिळाल्याचे दिसत नाही.

ज्याच्या हाती किल्ल्या असतात त्याच्या डोक्यात वारेही शिरते. ३२५ सालच्या नायकीयाच्या सभेला आपल्या अठराव्या नियमाने डीकनांना बजावावे लागले, की त्यांनी वडिलांना प्रभुभोजन देऊ नये व त्यांच्यामध्ये जाऊन बसू नये. म्हणजे तोवर ते बसू लागले होते. पुढे पाश्चात्त्य मंडळीत हे पद याजकपदाच्या जिन्याची एक पायरी होऊन बसले, आणि पायरीवर कोणी घर बांधीत नाही. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणि १९६७ साली पोप सहाव्या पॉलने कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू करण्यास, आणि ते विवाहित प्रौढ पुरुषांनाही देण्यास परवानगी दिली. वसई-मुंबईकडच्या आपल्या कॅथलिक बांधवांपुढेही तेव्हापासून हा प्रश्न आहे, पण त्यांना सल्ला देण्याचा अधिकार मला नाही.

प्रॉटेस्टंट पंथाचा वारसा मात्र आपला स्वतःचा आहे. कॅल्व्हिनने १५४१ साली जिनीव्हासाठी घालून दिलेल्या व्यवस्थेत डीकन दोन प्रकारचे होते. एकाने दानाचा पैसा सांभाळावयाचा आणि वाटावयाचा, दुसऱ्याने आजाऱ्यांची व गरिबांची प्रत्यक्ष शुश्रूषा करावयाची. यापेक्षाही आपणांस जवळचे असे उदाहरण ग्लासगोचे आहे. १८१९ साली तिथल्या सेंट जॉन्स या कामकरी वस्तीत पाळक म्हणून आलेल्या टॉमस चामर्स याने सुमारे दहा हजार वस्तीचे २५ भाग पाडले आणि प्रत्येक भागावर एक डीकन नेमला. मदत मागणारा आला की त्या भागाच्या डीकनाने घरी जावे, कामधंदा आहे की नाही, नातेवाईक कोण, शेजारी काय म्हणतात हे पाहावे, आणि मगच मंडळीच्या पैशाला हात घालावा. चामर्सच्या या प्रयोगाचा मी आंधळा भक्त नाही. सरकारी मदतीला त्याचा जो तात्त्विक विरोध होता तो मला गरिबांवर अन्याय करणारा वाटतो, आणि खर्च किती वाचला यावर त्याच्या अनुयायांनी जो भर दिला तो तर डीकनाच्या तोंडी शोभणाराच नाही. पण चारशे माणसांमागे एक ओळखीचा मनुष्य, जो दाराशी येतो, ज्याला मुलांची नावे ठाऊक असतात आणि ज्याला फसविणे अवघड व ज्याच्यापुढे रडणे सोपे असते, ही त्याची कल्पना अचूक होती. याच चामर्सच्या नेतृत्वाखाली १८४३ साली स्कॉटलंडची फ्री चर्च वेगळी झाली आणि तिच्या प्रत्येक मंडळीत ऐहिक कारभारासाठी डीकनांची सभा स्थापन झाली. मुंबईस १८२९ पासून काम करणारे डॉ. जॉन विल्सन त्या फुटीत फ्री चर्चच्या बाजूला गेले. म्हणजे ही परंपरा गिरगावच्या दारापर्यंत येऊन पोहोचली होती.

दुसरीकडे अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ पासून नगरला स्थिरावले. त्या लोकांच्या मंडळ्या स्वतंत्र धाटणीच्या. मंडळीने आपला पाळक आणि आपले डीकन स्वतः निवडावेत, ही त्यांची मूळ रीत. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत डीकन हे नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येते, ते या रीतीमुळेच. मग हे पद वाळले कसे? माझ्या मते याचे कारण आपल्या दुष्काळांत शोधावे लागेल. १८७६-७७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी जे काम केले ते मी कृतज्ञतेने स्मरतो; नगरचे रेव्हरंड ह्यूम यांना त्यासाठी सरकारकडून कैसर-ए-हिंद पदक मिळाले ते योग्यच होते, आणि त्या अनाथालयांतून वाढलेल्या माणसांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या बाकांवर बसलेली आहेत. पण पैसा समुद्रापलीकडून येत होता, साहेबाच्या नावाने येत होता, आणि साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यातून वाटला जात होता. व्हरांड्यावर रांग लागत असताना मंडळीतल्या डीकनाकडे कोण जाणार? त्याच्या हाती रविवारची पिशवी राहिली आणि तीत पडणारी नाणी मंदिराच्या दिव्याबत्तीला पुरत. दान घेणाऱ्या समाजाला दान वाटण्याची सवय लागलीच नाही, आणि ही सवय नसणे हे दारिद्र्याहून वाईट दारिद्र्य आहे, असे मला वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन करावयास निघाले, त्यामागे कारणे अनेक असतील. पण मराठी मंडळीने परक्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये ही तळमळ त्यांत मुख्य होती.

पुढे मिशनरी गेले, बंगले राहिले. व्हरांड्याचा हक्क विश्वस्तांकडे आला, विश्वस्तांचे वाद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत आणि तिथून कोर्टात गेले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. त्या ऐक्याबद्दल मला आनंदच आहे. परंतु बिशप, प्रेसबिटर आणि डीकन या तीन पदांच्या व्यवस्थेत डीकन हा बहुधा प्रेसबिटर होण्याच्या वाटेवरचा तरुण असतो. त्याला व्यासपीठाची ओढ असणे स्वाभाविक आहे आणि वर्ष-दोन वर्षांत तो पुढे जातो. मंडळीतला, लोकांनी निवडलेला, आयुष्यभर डीकनच राहणारा मनुष्य या व्यवस्थेत कोठे बसतो हे कोणी पाहिलेले दिसत नाही. त्याचे काम कमिटीकडे गेले असे म्हणतात. कमिटीकडे गेलेल्या कामाचे काय होते, हे आपण जाणता.

हे सर्व मी इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. आपल्या समाजात गरजवंत उरले नाहीत असे कोणी म्हणत असेल तर त्याने दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या कोणत्याही खेड्यात जाऊन पाहावे. ऊसतोडीला गेलेल्या घरांत म्हातारी माणसे आणि शाळा सोडलेली मुले तेवढी मागे राहिलेली आढळतील, आणि त्यांत आपली घरे असतात. शहरातल्या मंडळीत आखाती देशांत नोकरीला गेलेल्या परिचारिकांचे आईबाप एकटे राहतात. त्यांच्याकडे पैसा येतो, पण दवाखान्यात सोबत जाण्यास मनुष्य नसतो. गावातून उपचारासाठी पुण्या-मुंबईला आलेले कुटुंब रुग्णालयाच्या आवारात रात्र काढते आणि दोन रस्त्यांपलीकडच्या मंदिराला त्याचा पत्ता नसतो. त्यातच १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली ते शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाले, ख्रिस्ती झालेल्याला मात्र अद्याप मिळालेले नाहीत. गावकीच्या लेखी ज्याचा बाप्तिस्मा काही पुसून टाकीत नाही त्याच माणसाचे सरकारी वहीतले नाव बाप्तिस्म्याने पुसले जाते. या विपरीत न्यायाविरुद्ध दाद मागणारे मागत आहेत. पण निकाल लागेपर्यंत त्या घरातली चूल कोणी पाहावयाची?

डीकनाने काय करावे याची माझी कल्पना अगदी व्यावहारिक आहे. त्याच्याजवळ एक वही असावी, तीत त्याच्या वाटणीच्या चाळीस-पन्नास घरांची नोंद असावी, आणि ती वही सभेपुढे वाचली जाऊ नये. मदत घेणाऱ्याचे नाव नाताळच्या कार्यक्रमात पुकारून, त्याला मंचावर बोलावून, पंचांच्या हस्ते साडी किंवा घोंगडी देत छायाचित्र काढण्याची जी नवी रीत पडली आहे तिचा मला मनापासून तिटकारा आहे. हिशेब तपासनिसाने एकूण रक्कम आणि पावत्या पाहाव्यात, दोन डीकनांच्या सह्यांवाचून पैसा बाहेर जाऊ नये, शिल्लक किती हे सभेला कळावे. पण कोणाला दिले हे पाळक व डीकन यांच्यापलीकडे जाऊ नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारचे प्रभुभोजनाच्या वेळचे दान फक्त या खात्यात जावे आणि इमारत-फंडाने त्याकडे डोळा उचलून पाहू नये. ही रक्कम लहान असेल हे मला मान्य आहे. पण डीकनाचे काम केवळ मंडळीचा पैसा वाटणे एवढेच नाही. निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा मदत मिळू शकते, पण त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि चार हेलपाटे लागतात. हे हेलपाटे डीकनाने घालावेत. सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात असा महाराष्ट्रात नियम आहे. तो गरीब माणसाला ठाऊक नसतो, आणि रुग्णालयाच्या खिडकीवरचा कारकून आपण होऊन सांगत नाही. कागद हाती घेऊन त्या खिडकीपाशी उभा राहणारा डीकन मला, खरे सांगतो, वेदीपाशी उभ्या राहणाऱ्या डीकनाइतकाच पूज्य वाटतो.

राहिला निवडीचा प्रश्न, आणि मला वाटते आपली खरी अडचण तिथेच आहे. आपल्या मंडळ्यांत पूर्वाश्रमीच्या जातींची नावे कोणी उच्चारीत नाही, आणि लग्नाचे बोलणे निघेपर्यंत ती कोणाला आठवतही नाहीत, असे आपण मानतो. पण कमिटीवर वर्षानुवर्षे कोणत्या चार-पाच घराण्यांची माणसे येतात, मिशनच्या शाळेत शिपाई कोणाचा मुलगा होतो आणि मुख्याध्यापक कोणाचा, बाहेरगावाहून आलेले कुटुंब किती वर्षे ‘पाहुणे’ राहते, आणि दफनभूमीतली दर्शनी जागा कोणाला मिळते, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला दिसते. अशा मंडळीत त्याच चार-पाच घराण्यांतून डीकन निवडले, तर पंगतीत वाढणारा ओळखीचा असल्याचा लाभ ओळखीच्यांनाच होईल. आपल्याकडे ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणतात ते यालाच. म्हणून माझी विनंती अशी, की डीकनांच्या जागांपैकी निम्म्या तरी स्त्रियांच्या असाव्यात आणि त्यांत विधवा असाव्यात. खेड्यातून शहरात आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या सभासदांतून काही निवडावेत. आणि ज्या वाड्यातल्या माणसाला आजवर कमिटीवर बोलावलेले नाही त्या वाड्याला आधी विचारावे. याने भेदाला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि तो घेणारे बहुधा त्या चार-पाच घराण्यांतलेच असतात. यरुशलेमेच्या इब्री मंडळींनाही हा आक्षेप घेता आला असता. त्यांनी घेतला नाही, आणि त्यानंतर वचनाची वाढ होऊन शिष्यांची संख्या बहुगुणित झाली, असे लूक पुढच्याच ओळीत नोंदवितो. तो हिशेब मांडत नाही, पण दोन्ही गोष्टी लागोपाठ लिहितो.

गरजवंताच्या हाती पैसा दिला तर तो आपल्याच माणसांना वाटील, अशी दुसरी शंका आहे. तीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण सध्या पैसा ज्यांच्या हाती आहे ते काय करतात, हे तपासण्याची तसदी शंका घेणाऱ्यांनी घेतलेली दिसत नाही, आणि दोन सह्या व तपासनीस यांची योजना दोघांनाही सारखीच लागू आहे. पारखून घेतल्याशिवाय कोणाला नेमू नये ही तर तीमथ्याच्या पत्रातलीच अट आहे. वर्षभर एखाद्याला चार घरे सोपवून पाहावे, तो चार घरच्या गोष्टी गावभर करीत नाही एवढी खात्री पटली, की त्याच्यावर हात ठेवावेत.

आपल्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत मालमत्तेच्या बाबीच्या आधी ही बाब घालावी, अशी माझी सूचना आहे, कारण मालमत्तेनंतर घातलेल्या बाबीपर्यंत सभा पोहोचत नाही हा आपला सर्वांचा अनुभव आहे. स्वतंत्र खाते उघडण्याचा ठराव, डीकनांची संख्या व मुदत, घरांची वाटणी आणि हिशेबाची रीत एवढ्या चार गोष्टी त्या दिवशी ठरल्या तर येत्या ऊसतोडीच्या हंगामाआधी काम सुरू होऊ शकेल. नावे सुचविताना माझे नाव मात्र कोणी सुचवू नये. निवृत्तिवेतन घेणारा, शहरात स्वतःचे घर असलेला आणि कमिटीवर दोन वेळा बसून गेलेला मनुष्य मी, या जागेसाठी अपात्र आहे.

आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद